जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात देताय? आधी बिघाड ओळखा

ब्लूटूथ स्पीकर आला की जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात जातो. ही घाई चुकीची आहे.

नेमकं बिघडतं काय? आवाज वाढवताना खरखर आली, तर बहुतेकदा नॉबमध्ये धूळ असते. कॉन्टॅक्ट क्लीनरने काम भागतं. सतत गुणगुण येत असेल, तर 20-30 वर्षांत वाळलेले कपॅसिटर हे नेहमीचं कारण. ते लॅमिंग्टन रोडवर आजही मिळतात. स्पीकरचा विरलेला फोमही बदलता येतो.

बदलायचं कधी? सीडी प्लेअरची लेझर गेली आणि पार्टच मिळत नसेल तेव्हा.

ब्लूटूथ हवंय? ऑक्स पोर्टला छोटा रिसीव्हर लावा.

मात्र प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. त्यामुळे झाकण कारागिरालाच उघडू द्या. तेवढ्याच दर्जाच्या नव्या सेटच्या निम्म्याहून कमी खर्च सांगितला, तर दुरुस्तीच करा.