यमुनेत पाणी कोण सोडणार?

राजधानीच्या राजकारणात यमुनेची आठवण दोनच वेळी होते. छठपूजेच्या सुमारास ओखला बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर तरंगू लागले की नेतेमंडळी काठावर धाव घेतात, आणि निवडणुका आल्या की हीच नदी जाहीरनाम्यांतून वाहू लागते. जानेवारी २०२५ मध्ये विधानसभेच्या प्रचारात तर कळस झाला. हरियाणा यमुनेच्या पाण्यात विष मिसळत असल्याचा आरोप अरविंद केजरीवाल यांनी केला. निवडणूक आयोगाने त्यांच्याकडे खुलासा मागितला आणि हरियाणाचे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी यांनी छायाचित्रकारांसमक्ष यमुनेचे पाणी ओंजळीने तोंडाला लावले.

त्या वादाच्या मुळाशी अमोनिया होता. पानिपत-सोनीपत पट्ट्यातील सांडपाण्यामुळे वझिराबादजवळ त्याचे प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर गेले की तेथील जलशुद्धीकरण केंद्रांचे काम मंदावते आणि दिल्लीच्या अनेक वसाहतींचे नळ कोरडे पडतात. हे दर हिवाळ्याचे दुखणे आहे. मात्र केजरीवाल यांनी २०१५ पासून नदी स्वच्छ करण्याची आश्वासने दिली होती, हे मतदार विसरले नव्हते. भाजपला ४८ आणि आम आदमी पक्षाला २२ जागा मिळाल्या. त्या निकालाने केंद्र, दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या चारही ठिकाणी एकाच पक्षाची सत्ता आली. शेजारच्या राज्याकडे बोट दाखवण्याची जुनी सोय त्यामुळे संपली.

१,३७६ किलोमीटर लांबीच्या यमुनेचा वझिराबाद ते ओखला हा टप्पा जेमतेम २२ किलोमीटरचा, म्हणजे एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. नदीतील सुमारे तीन-चतुर्थांश प्रदूषणाची भर मात्र याच टप्प्यात पडते. जलसंपदाविषयक संसदीय स्थायी समितीने मार्च २०२५ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, तपासणीच्या ३३ ठिकाणांपैकी २३ ठिकाणचे पाणी स्नानासाठीच्या निकषांनाही उतरले नाही. दिल्लीच्या टप्प्यात तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलेलाच नाही.

प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. जपानच्या अर्थसाहाय्याने १९९३ मध्ये यमुना कृती योजना सुरू झाली आणि तिचे पुढचे टप्पेही आले. वृत्तपत्रातील एका बातमीची दखल घेऊन १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून सुरू केलेले प्रकरण २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, परंतु अनधिकृत वसाहतींचा मैला त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशा मलवाहिन्या वेळेत पडल्या नाहीत. तो मैला नजफगड आणि शाहदरा यांसारख्या मोठ्या नाल्यांतून थेट नदीत येत राहिला. त्यातला नजफगड नाला ही मुळात साहिबी नदी होती, हे आज दिल्लीकरांना सांगूनही खरे वाटत नाही.

तथापि, केंद्रे वाढवून भागणार नाही, कारण मूळ प्रश्न प्रवाहाचा आहे. कोरड्या महिन्यांत हथिनीकुंड बंधाऱ्यावर यमुनेचे बहुतांश पाणी पूर्व आणि पश्चिम कालव्यांत वळते. उरलेसुरले वझिराबादला पिण्यासाठी उचलले जाते. त्याखाली नदीच्या पात्रातून वाहतात ते नाले. पात्रात ताजे पाणीच नसेल, तर शुद्ध केलेले सांडपाणीही सौम्य होणार कशात?

या पाण्याचे वाटप मे १९९४ च्या समझोत्याने ठरले. वाटपाच्या ११.९८३ अब्ज घनमीटर पाण्यापैकी हरियाणाला ५.७३०, उत्तर प्रदेशाला ४.०३२ आणि दिल्लीला अवघे ०.७२४ अब्ज घनमीटर मिळाले. पर्यावरणासाठी सेकंदाला दहा घनमीटर प्रवाह राखण्याचे कलमही त्यात आहे. पण ते वरच्या भागात धरणे जसजशी पूर्ण होतील, त्या प्रमाणात लागू व्हायचे. लखवार आणि रेणुकाजी या धरणांचे भूमिपूजन व्हायला डिसेंबर २०२१ उजाडले. दरम्यान, रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने हथिनीकुंडखाली सेकंदाला २३ घनमीटर प्रवाहाची शिफारस केली.

त्याच समझोत्यात २०२५ नंतर कोणत्याही खोरे-राज्याच्या मागणीवरून फेरविचाराची मुभा आहे. ती वेळ आता आली आहे. राजकीय अडचण उघड आहे. पाणी सोडायचे तर हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील ऊस-भाताच्या शेतकऱ्याच्या वाट्याला हात लावावा लागेल. लोकसभेत दिल्लीच्या जागा सात, हरियाणाच्या दहा आणि उत्तर प्रदेशाच्या ऐंशी. आंतरराज्यीय नद्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्यघटनेने संसदेला दिला आहे, परंतु १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

दिल्लीतील मराठी माणसाने याकडे परक्याची व्यथा म्हणून पाहू नये. इथल्या मंडळांच्या गणपतींना कृत्रिम तलावांत निरोप द्यावा लागतो, एवढाच हा संबंध नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालातील देशभरच्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी सर्वाधिक ५५ महाराष्ट्रात होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तेथून उजनीत जाते आणि त्याच उजनीचे पाणी सोलापूर पिते. पानिपत आणि दिल्ली यांचे नाते याहून फारसे वेगळे नाही.

चार सरकारे एका पक्षाची असताना १९९४ चा करार उघडण्याचे धैर्य दाखवले गेले नाही, तर ते पुढेही कोणी दाखवण्याची शक्यता कमीच. नदीतून किती टन जलपर्णी काढली आणि किती घाट सुशोभित केले, याची उत्तरे संसदेत नेहमीच मिळतात. जानेवारीत हथिनीकुंडखाली रोज किती पाणी सोडले, असा एखादा तारांकित प्रश्न कोणा खासदाराने लावून धरावा. सरकारच्या इराद्याचा अंदाज त्या एका आकड्यावरून बांधता येईल.