तोडायचे झाड आधी लावावे



डिसेंबरात आपली हरभऱ्याची आणि गव्हाची गडबड चालू असते. त्याच दिवसांत अमेरिकेतील काही शेतकरी कुटुंबे हातकरवत घेऊन आपल्याच रानात जातात आणि एक झाड तोडून घरी आणतात. नाताळला ते घरात उभे करून सजवायचे, ही त्यांची पिढीजात रीत. ही चाल मूळची जर्मनीची. तिकडून गेलेल्या लोकांबरोबर ती अमेरिकेत पोचली.

सणासाठी चांगले उभे झाड तोडायचे, हे ऐकून तुमच्या घरची वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. पण आधी त्यामागचा हिशेब पाहा.

पूर्वी तिकडेही लोक जंगलातूनच झाडे तोडून आणत. १९०१ साली न्यू जर्सी राज्यातील एका शेतकऱ्याने नॉर्वे स्प्रूस जातीची २५,००० रोपे खास नाताळसाठी लावली. तेव्हापासून हे झाड पीक म्हणून घेतले जाऊ लागले. आज तिथे विकली जाणारी बहुतेक झाडे शेतातलीच असतात.

नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरी भागात फ्रेझर फर जातीची लागवड होते. रोप चार-पाच वर्षे रोपवाटिकेत आणि पुढे सात-आठ वर्षे शेतात, तेव्हा कुठे ते पुरुषभर उंच होते. ६ × ६ फुटांवर लावले, तर एकरी सुमारे १,२०० झाडे बसतात. पाण्याचा निचरा होत नसेल, तर मुळे कुजून झाड मरते. शिवाय आकार यावा म्हणून दरवर्षी छाटणी करावी लागते.

आता घरच्यापुरता विचार करा. वर्षाला एकच झाड लागते, पण ते तयार व्हायला शेतात आठ वर्षे जातात. म्हणून दरवर्षी दोन-तीन रोपे लावायचीच. एखाद-दुसरे मरते, ही तूट धरूनच. यंदा लावणी चुकली, तर आठ वर्षांनी तोडायला झाड नसते. बाप लावतो, पोर तोडते. ही रीत लावण्यावरच टिकून आहे.

तोडण्याचीही एक पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. काही जण झाड जमिनीलगत कापत नाहीत. खालच्या हिरव्या फांद्यांचा एक घेर राखून त्याच्या वर कापतात. त्यामुळे मुळे जिवंत राहतात. मग त्यातली एखादी फांदी वर वळून शेंडा धरते, किंवा बुडख्याला नवे फुटवे येतात. त्यातला एक जोमदार राखून बाकीचे काढायचे. मुळे जुनी असल्याने हे झाड नव्या रोपापेक्षा लवकर वाढते. थोडक्यात, आपल्या उसाचा खोडवाच म्हणा ना! मात्र हिरवी फांदी एकही राखली नाही, तर ही सूचिपर्णी झाडे बहुधा पुन्हा फुटत नाहीत.

आता आपल्या घराकडे वळू. दसऱ्याला आपण आपट्याची पाने लुटतो. ती येतात कुठून? माळावरच्या, कुणीही न लावलेल्या झाडांवरून. लोक पानांसाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, आणि आपटा मिळाला नाही, तर त्याच्यासारखी पाने असलेल्या कांचनावर कोयता चालवतात. सोने लुटणारे हात पुष्कळ, लावणारे किती?

तेव्हा यंदा एवढे करा. आपट्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करा. बी रात्रभर पाण्यात भिजवून उन्हाळ्याच्या अखेरीस पिशव्यांत लावा. पाऊस स्थिरावला, की दोन रोपे बांधावर लावा आणि पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून जपा. पुढे पाने काढताना फांदी पिळून मोडू नका. धारदार कोयत्याने स्वच्छ काप घ्या. आपटा पुन्हा फुटतो.

रोपे लावताना घरातल्या लहान पोराच्या हातून लावून घ्या. पुढे त्या झाडाची पाने कुणी ओरबाडू लागले, तर तेच आधी धावत येईल.