सेंट मेरी मीडच्या मोलकरणीचं कोण ऐकणार?

‘प्रत्येक गोष्टीत जात-वर्ग कशाला आणता? निदान रहस्यकथा तरी सोडा!’ हा उपदेश आम्हाला नेहमीचाच. त्यातही ‘कोझी मिस्टरी’ म्हणवणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल बोललो की हमखास. टुमदार गाव, चर्च, चहा, गुलाबाच्या बागा, एक खून आणि तो उलगडणारी हौशी म्हातारी. रक्त फारसं दिसत नाही, खुनी सापडतो, गाव पुन्हा शांत. यात कसली आली व्यवस्था?

आम्ही म्हणतो, अख्खी व्यवस्था इथंच बसली आहे.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल घ्या. १९३० च्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’मध्ये ती सेंट मेरी मीड गावातला खून उलगडते. हातात विणकाम, कान गावगप्पांकडे. हुशार आहे, वादच नाही. पण त्या हुशारीला वजन कुठून येतं? स्कॉटलंड यार्डचे निवृत्त आयुक्त सर हेन्री क्लिदरिंग तिचे स्नेही. त्यांनी शब्द टाकला की इन्स्पेक्टर तिचं निमूट ऐकतो. अनाथाश्रमातल्या ज्या मुलींना ती घरकाम शिकवते, त्यांतली एखादी पोलिसांकडे गेली असती तर?

उत्तर ख्रिस्तीच्याच ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये (१९५०) आहे. मिट्झी ही युद्धात होरपळून इंग्लंडला आलेली निर्वासित स्वयंपाकीण. ती भोगलेलं सांगते आणि मालकीण पोलिसांना आधीच बजावते, ही खोटारडी आहे. वाचकानं तिला हसावं अशीच मांडणी. (शेवटी खुनी पकडायला जीव धोक्यात घालायची वेळ येते तेव्हा मात्र मिट्झीच लागते!)

ख्रिस्तीला हे कळतच नव्हतं असं नाही. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये (१९५३) ग्लॅडिस या मोलकरणीचा गळा आवळून वर नाकाला कपड्यांचा चिमटा लावतात. तिला कामात तयार केलेली मिस मार्पल संतापून निघते. तो संताप खरा आहे. पण ग्लॅडिसचं म्हणणं कळतं ते मेल्यावर, पत्रातून.

निरागस गावाचं हे चित्र आपल्याला नवं नाही. मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं भारतीय खेड्याचे असेच गोडवे गायले होते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्याचाच उतारा वाचून बाबासाहेबांनी ग्रामप्रेमी विद्वानांची चिरफाड केली. गावाला सगळं ठाऊक असतं म्हणे! खर्ड्याच्या नितीन आगेचा २०१४ मध्ये खून झाला. साक्षीदार फितूर झाले, २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. मिस मार्पलचं गाव बोलतं, कारण बोलल्यानं तिथं कुणाची सत्ता हलत नाही.

मग या पुस्तकांची होळी करायची? अजिबात नाही. बार्बरा नीलीनं काय केलं ते पाहा. या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या ‘ब्लांच ऑन द लॅम’ (१९९२) कादंबरीत शोध लावते ती मोलकरीणच. ब्लांच स्वतः तुरुंगवास चुकवून पळालेली, एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबात कामाला राहिलेली. मालकांच्या लेखी ती फर्निचर. म्हणून तिच्यादेखत ते काहीही बोलतात आणि तिला घराचं सगळं कळतं. पोलिसांकडे जायची सोय नाही, मागे कुणी सर हेन्री नाही. या कादंबरीला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, तोही अगाथा ख्रिस्तीच्या नावाचा!

मित्रांनो, सोसायटीत धुणीभांडी करणारी आपली मावशी, पहाटे गल्ली झाडणारा नगरपालिकेचा कामगार यांना तालुक्याच्या गावातली किती गुपितं ठाऊक असतील? त्यांच्यापैकी कुणाला नायक करून मराठीत कादंबरी लिहायला घेतली असेल, तर पहिलं प्रकरण आम्हाला पाठवा.