लांब पल्ला आणि वय

धावणें हें पोरांचें काम, आणि मुलगी चौदा वर्षांची झाली कीं तिचें मैदान सुटलें, असा आपल्याकडे जणूं रिवाजच पडला आहे. शाळेच्या क्रीडादिनीं खालच्या इयत्तांतील मुलींची रांग मोठी असते. दहावीपर्यंत ती निम्मीहि उरत नाहीं. मोठ्या शर्यतींच्या निकालपत्रांतहि हेंच दिसतें. शेवटपर्यंत पोहोंचणाऱ्यांत चाळिशीपुढील पुरुष पुष्कळ, त्या वयाच्या स्त्रिया थोड्या. हा भेद निसर्गानें केला कीं आपण?

शंभर मीटरची शर्यत वेगाची. ती तरुणांचीच खरी. परंतु बेचाळीस किलोमीटरांहून लांब असलेली मॅरेथॉन दमाची आहे, आणि दम वर्षानुवर्षांच्या सरावानें मुरतो. १९८४ सालीं लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्यें पोर्तुगालचे कार्लोस लोपेस ३७ व्या वर्षीं ही शर्यत जिंकले. पुरुषांस ती १८९६ पासून खुली होती. स्त्रियांस मात्र त्याच १९८४ सालीं प्रथम खुली झाली. अठ्ठ्याऐंशीं वर्षें वाट अडवून ठेवल्यावर स्त्रिया मागें कां, हें विचारणें न्याय्य नव्हे. वाट मोकळी झाल्यावर, २००८ सालीं बीजिंग येथें, रुमानियाच्या कॉन्स्टॅन्टिना डिटा यांनीं ३८ व्या वर्षीं सुवर्णपदक मिळविलें.

पण इतकें दूर जावयास नको. २०१४ च्या सुमारास बारामतीस साठी उलटलेल्या लता भगवान करे पतीच्या औषधोपचारासाठीं लुगडें नेसूनच ज्येष्ठांच्या शर्यतींत धांवल्या आणि जिंकल्या. आषाढांत आळंदीहून सुमारें अडीचशें किलोमीटर चालून आपल्याच जिल्ह्यांत पंढरपुरास येणारे वारकरी पाहा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजीबाई त्यांत किती असतात! त्यांना वय विचारून कोणी परत पाठवीत नाहीं.

चाळिशीनंतर पाय जड होतात, हें मी स्वतः जाणतों. पण जे बसून राहतात त्यांचे अधिक लवकर होतात.

म्हणून पालकांस विनंती कीं, मोठी झाली म्हणून मुलीस मैदानावरून घरीं बोलावूं नका. उलट पुढील क्रीडादिनीं आपणहि यावें. आईबापांची एक लांब पल्ल्याची शर्यत ठेवूं. तींत पहिला कोण आला हें न पाहतां शेवटपर्यंत कोणकोण पोहोंचलें तें मोजूं. मुलांच्या हंशाची तयारी ठेवून मी रांगेंत उभा राहीन.