रायफलीची वंशावळ

२६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात उत्तर प्रदेश पोलिसांनी ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. हे शस्त्र कालबाह्य झाले, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, शस्त्राबरोबर आपण त्याचा इतिहासही मोडीत काढणार काय?

अमेरिकेत अशा जुन्या भारतीय रायफली हौसेने जमविणारे अनेक संग्राहक आहेत. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातील रायफल हाती आली की ते प्रथम तिची वंशावळ तपासतात. बोल्ट, नळी आणि मुख्य सांगाडा यांवरील क्रमांक एकच आहे काय? दस्त्याजवळच्या पोलादावर मुकुट व ‘जीआरआय’ ही सम्राटाची आद्याक्षरे आहेत, की अशोकस्तंभाचे सिंह? ही दक्षता अनाठायी नाही. साठच्या दशकात इशापूरला घडलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या ‘टू-ए-वन’ रायफली आखूड करून ‘जंगल कार्बाइन’च्या रूपात बाजारात आणल्या गेल्या आहेत. अनभिज्ञ ग्राहक त्यांना महायुद्धातील शस्त्र समजून बसतो.

या तपासणीत आपल्या पारतंत्र्याची एक खूणही सापडते. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती अचूक माऱ्याच्या रायफलीऐवजी गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. पुढे पोलिसांसाठी तयार झालेली ४१० बोअरची मस्केट ही त्याच अविश्वासाची संतती होय. थ्री नॉट थ्रीच्याच सांगाड्यात पेचदार खाचा नसलेली नळी, आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा! एका वेळी एकच काडतूस भरायचे. ज्याच्या हाती शस्त्र द्यायचे, त्याच्यावरच विश्वास नाही, हे धोरण त्या ठोकळ्यात आजही वाचता येते.

परंतु पोलादावरचा शिक्का कारखाना सांगतो. ती रायफल कोणत्या ठाण्यात, कोणाच्या खांद्यावर होती, हे सांगत नाही. लाकडी दस्त्यावरची अक्षरे तर कोणीही काल कोरलेली असू शकतात. ते सांगू शकते केवळ शस्त्रागाराची नोंदवही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर आपल्या पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती. उद्या कोणी एखादी रायफल पुढे करून ‘हीच ती’ असे म्हणाला, तर खरे-खोटे कशावरून ठरविणार?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत, ते याच जाणिवेने. कागदावाचून इतिहासाची आख्यायिका होते, आणि आख्यायिकेचा बाजार मांडणे सोपे असते.

म्हणून शासनाकडे मागणी साधी आहे. रायफली वितळविण्यापूर्वी प्रत्येकीचा क्रमांक, शिक्के आणि वाटपाच्या नोंदी यांची सूची करावी. नोंदवह्या रद्दीत न घालता पुराभिलेखागारात द्याव्यात. आणि प्रत्येक जिल्ह्यातील निवडक शस्त्रे निकामी करून, त्यांच्या कागदपत्रांसह, संग्रहालयांत ठेवावीत. यास फार मोठा खर्च येणार नाही. ज्या हातांनी ही जुनी शस्त्रे घेऊन आपले रक्षण केले, त्यांची नावे त्या क्रमांकांसमोर लिहिलेली आहेत. ती पुसली जाऊ देणे, हा कृतघ्नपणा ठरेल.