तिरपे अक्षर आखावे लागते

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सिमरोलमध्ये आयआयटी इंदूरचा परिसर आहे आणि ओंकारेश्वरचे भाविकही याच वाटेने जातात. अशा वर्दळीच्या रस्त्यावर फलक क्षणभरच डोळ्यांसमोर राहतो. म्हणून ठसठशीत, पसरट आणि उजवीकडे झुकलेले अक्षर निवडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात वेग आणि जोम दिसतो. खेळाडूंच्या जर्सीवर, स्पर्धेच्या जाहिरातीत, चित्रपटाच्या नावात ते शोभते. आक्षेप या शैलीला नाही. देवनागरीत ती आखून घेण्याऐवजी संगणकाच्या एका बटणावर सोपवली जाते, हे चुकीचे आहे.

रोमन लिपीत तिरप्या अक्षराला स्वतंत्र इतिहास आहे. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुतियुसने १५०१ साली छापलेल्या कवी व्हर्जिलच्या ग्रंथासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ते वेगळे घडवले होते. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना असा जोडीदारच नाही. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेच्या ‘मुक्ता’त बारीक ते जाड अशी सात वजने आहेत, तिरपे एकही नाही; र. कृ. जोशींनी रेखाटलेल्या ‘मंगल’लाही तिरपे रूप नाही. तरी इटॅलिकचे बटण दाबले की संगणक सरळ अक्षरच ढकलून तिरपे करतो. १२ अंशांचा कल दिला तर अक्षराचे वरचे टोक उंचीच्या सुमारे एकपंचमांश सरकते. शिरोरेघ आडवीच राहते, पण तिच्यावरचे चिन्ह उजवीकडे आणि अक्षराखालचे डावीकडे जाते. ‘इंदूर’ घ्या: ‘इ’वरचा अनुस्वार ‘दू’कडे झुकतो, तर ‘दू’चा उकार ‘इ’च्या बाजूला येतो. ‘सिमरोल’मधली मात्रा र सोडून लच्या दिशेने कलते. गोलाईची जाडीही एका अंगाला वाढते आणि दुसऱ्या अंगाला घटते. त्यात अक्षर जाड असेल तर क, ण, श यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. ती मोकळी ठेवण्यासाठी अक्षर रुंद करावे लागते. पसरटपणा ही इथे हौस नाही, गरज आहे. एवढे सगळे सांभाळायला रेखाटनकाराचा डोळाच लागतो.

लोक वाचतात ना, मग बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. ओळखीचा शब्द वाचक सवयीने पुरा करतो, हे खरे. पण गावाचे नाव बहुधा परक्यासाठीच लिहिलेले असते आणि त्याच्याकडे ती सवय नसते. देवनागरीला तिरपेपणा मानवतच नाही, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर आणि ट्रकच्या पाठीवर रंगाऱ्यांनी झुकती अक्षरे कित्येक वर्षे लिहिली. मात्रा कुठे बसवायची हे ते प्रत्येक शब्दागणिक ठरवत. खर्चाची सबब तर सहज दूर होते, कारण ‘मुक्ता’ आणि ‘बलू’सारखे सरळ, जाड देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

तेव्हा दिशादर्शक, रुग्णालय, शाळा आणि सरकारी कार्यालये यांच्या फलकांवर सरळ अक्षरच असावे, अशी अट निविदेतच घालावी. जिथे जोम दाखवायचा आहे, तिथे तिरपे अक्षर जरूर वापरावे. मात्र मोठ्या आकारात, दोन-तीन शब्दांपुरते आणि देवनागरीसाठी मुद्दाम आखलेले. आपल्या अभियांत्रिकी आणि कला संस्थांनी असे फॉन्ट घडवून सर्वांना खुले करावेत. लाखो लोक ज्या लिपीत रोजचा रस्ता शोधतात, तिच्यासाठी एवढा खर्च आणि एवढी मेहनत सार्वजनिक कामच मानली पाहिजे.