मुळीचा गुण आणि गोळीची वेळ

वाढवण-डहाणू-तलासरी पट्ट्यात झाडपाल्यावरचा विश्वास जुना आहे आणि तो पोकळ नाही. दिल्लीचे हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून 'अजमलीन' वेगळे केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये हीच मुळी रक्तदाबावर गुणकारी असल्याचे रुग्णांवर तपासून मांडले. पण त्यांनी मात्रा मोजली होती, रक्तदाबही मोजला होता. घरच्या काढ्यात हे मोजमाप नसते. म्हणून रमजानमध्ये हृदयाच्या गोळ्या सोडून अर्कावर विसंबणे धोक्याचे आहे. गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसतात का, हे डॉक्टरांना विचारावे. नाहीच बसल्या, तर आजाऱ्याला रोजातून सवलत आहे. ती घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. एकादशी करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.